धुतलेली फडकी

कडकताई घाबरते, असं त्या रस्त्यावर कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. एकदा म्हणे एक मोकाट कुत्रं गुरगुरत दुकानांच्या रांगेत शिरलं. सगळ्यांनी पटापट दारं लावून घेतली, आणि ही बाई गरम इस्त्री हातात घेऊन पायरीवर उभी राहिली. "ये," म्हणाली, "तुझ्याही अंगावरच्या सुरकुत्या काढते." कुत्रं आल्या पावली परत गेलं. यात तिखटमीठ किती ते मला विचारू नका. पण इस्त्री हातात असली की ती कुणाच्या बापाला भीत नसे, एवढं खरं.

आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि धाकट्या भावाला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. शेजारच्या लाँड्रीत ती आधी घड्या घालायला लागली, मग इस्त्री करायला, आणि म्हाताऱ्या मालकाला दिसेनासं झालं तेव्हा दुकानच तिच्या अंगावर येऊन पडलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात जुनी घोंगडी अंथरलेलं लांबलचक टेबल, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, दांडीवर टांगलेले लोकांचे कोट, आणि टेबलाखाली भिजवणाच्या बादल्या. लग्नाची मागणी घालायला एकजण आला होता. त्याने विचारलं, "लग्नानंतर भाऊ कुठे राहणार?" तिने त्याचा शर्ट अर्धाच इस्त्री करून हातात दिला आणि दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

भाऊ मोठा झाला, शाळेची बस चालवायला लागला. चष्म्याच्या दुकानातल्या एका शांत मुलीशी त्याने लग्न केलं. ताईला भावजय आवडली, पण तोंडावर तसं सांगेल तर ती ताई कसली! "चष्मे विकतेस आणि भाजी निवडताना अळी दिसत नाही तुला," असं म्हणायची, आणि तिच्या ताटातली भाजी स्वतः निवडून द्यायची. मग मूल झालं. मुलगा. जन्मला तोच गुटगुटीत, गाल असे की डोळे शोधावे लागत. ताईने बघताक्षणी नाव ठेवलं, "भोपळ्या." आईबापांनी ठरवलेलं चांगलं नाव कागदावरच राहिलं.

महिना होतो न होतो तोच भोपळ्या ओकायला लागला. सगळीच तान्ही ओकतात, पण याचं दूध ओघळत नसे, पिचकारीसारखं उडे, पार समोरच्या खुर्चीपर्यंत. आणि ओकून झालं की पुन्हा भुकेने तोंड वासून रडायचा. शेजारणी म्हणाल्या आईने काहीतरी बाधणारं खाल्लं असेल. भावजय तेव्हापासून प्रत्येक घास अपराध्यासारखा गिळायला लागली. शेवटी इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जनबाई ठेंगण्या, हळू आवाजाच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेल्या. त्यांनी बाळाच्या पोटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि बोटांनीच बराच वेळ काहीतरी शोधलं. मग सोनोग्राफी झाली.

"जठरातून दूध पुढे आतड्यात जातं ना," बाई म्हणाल्या, "त्या दारातला स्नायू याच्यात जाड झालाय. दार आवळत चाललंय, म्हणून आलेलं दूध उलटं फिरतं. मी त्या स्नायूला बाहेरून उभी चीर देईन, आतल्या अस्तराला धक्का न लावता. वाट मोकळी होईल."

"आणि परत आवळलं तर?" भावाने विचारलं.

"फार क्वचित होतं तसं. इतकं क्वचित, की त्याचा घोर आजपासून लावून घेऊ नका."

झालं! 'होत नाही' म्हणाल्या असत्या तर माणूस झोपला तरी असता. 'क्वचित' म्हटल्यावर तिघांच्याही डोक्यात तो एक शब्द ठाण मांडून बसला.

ऑपरेशन चालू असताना भाऊ दिसेना म्हणून ताई त्याला शोधत खाली गेली. इस्पितळाच्या आवारात त्याची बस उभी होती. रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो रडत होता, हुंदके देऊन, लहानपणी रडायचा तसा. ताई पायरीवर उभी राहिली. तिला वर चढवेना.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "पुन्हा असं काही झालं ना, तर मला नाही झेपणार. खरंच सांगतो."

"पुन्हा कशाला होईल? वेडा की काय!" ती म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. आपल्या हाताने वाढवलेला एवढा थोराड माणूस असा मोडलेला आपण पुन्हा कधी पाहायचा नाही, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

ऑपरेशन मात्र छान झालं. बाळ घरी आलं. थोडं थोडं दूध, वरचेवर, आणि टाके आहेत तोवर अंगाजवळचं प्रत्येक कापड गरम इस्त्री फिरवूनच वापरायचं, असं नर्सने बजावलं. भावजयीची झोप व्हावी म्हणून ती दूध काढून बाटलीत ठेवी आणि पाजायच्या पाळ्या तिघांनी वाटून घेतल्या. सकाळची आईची, दुपारची आत्याची दुकानात, संध्याकाळची बापाची. ज्याच्या पाळीचं फडकं त्यानेच धुवायचं, वरची फडकी वर, खालची खाली. भोपळ्या पुन्हा भोपळ्या झाला. ताई गिऱ्हाइकांना त्याचे गाल असे दाखवी, जणू तिनेच भरलेत.

मग एका दुपारी दुकान सुनसान होतं. वर भावजय झोपलेली, शाळेला सुट्टी असली तरी भाऊ सहलीची बस घेऊन गेलेला. ताईने बाटली पाजून संपवली, त्याला खांद्यावर घेतलं, पाठ चोळली. ढेकर आली. आणि ढेकरेमागोमाग तिच्या कानाजवळून दूध सप्पकन उडालं आणि दांडीवरच्या एका पांढऱ्या शर्टावर जाऊन पडलं.

ती शर्टाकडे बघत उभी राहिली. खांद्यावरचं पोर तोंड वासून भुकेलं रडत होतं.

"काही नाही," ती त्याला म्हणाली. "जास्त झालं असेल. नाही का रे? हावरट!" फडकं आणि शर्ट दोन्ही तिने थंड पाण्याच्या बादलीत कोंबलं आणि बादली टेबलाखाली, घोंगडीआड सरकवली. दुधाचा डाग थंड पाण्यातच सुटतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही कापडं पांढरीशुभ्र झाली.

भाऊ आला. दारातूनच पहिला प्रश्न, "प्यायला का गं?"

"थेंब ठेवला नाही."

"राहिलं ना पोटात?"

त्याचा चेहरा तिने पाहिला. कपाळावर स्टिअरिंगची खूण अजून असल्यासारखी तिला वाटली. "राहिलं तर," ती म्हणाली. "न राहून जाणार कुठे?"

तो सैल हसला. "माझ्याकडेही काल मजेत प्यायला."

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढी शहाणी, हे काय करून बसली? अहो, भीती भल्याभल्यांची अक्कल गहाण टाकते. तिला वाटलं, दुपारचं तेवढं उलटतंय, सकाळ-संध्याकाळचं तर जिरतंय. भाऊ सांगतोय, भावजय सांगतेय. मग कशाला घर पेटवायचं? पुढे दुपारच्या दुपारी ती फडकी धूत राहिली. कुणाच्या पावलांचा आवाज आला की पायाने बादली आत ढकलायची. दुकानात दूध सांडल्याचा वास येऊ नये म्हणून दार उघडं टाकायची, आणि कुणी काही विचारलं की, "वारा नको का मला?" म्हणून त्याच्याच अंगावर ओरडायची.

तपासणीला नेलं तेव्हा नर्सने विचारलं, "ओकतो का अजून?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कधीतरी," भावजय म्हणाली.

"ढेकरेबरोबर," भाऊ म्हणाला.

"नावालाच," ताई म्हणाली.

वजन फारसं वाढलेलं नव्हतं. काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. या माणसांनी जे सांगितलं त्यावर दुसरं कुणी काय करणार?

दिवस गेले तसे बाळाचे गाल उतरले. मनगटावरची वळी गेली. आणि एके दिवशी ताईच्या ध्यानात आलं, की आपण त्याला भोपळ्या म्हणायचंच सोडलंय. भाऊही "बाळा" म्हणतो, भावजयही "सोन्या" म्हणते. ते नाव तिघांच्याही तोंडून आपोआप गळून गेलं होतं. तिला दरदरून घाम फुटला, समोरची इस्त्री तर अजून तापलीही नव्हती. ती ते कुणाशी बोलली नाही. बोललं की खरं होईल, असं काहीसं वाटत होतं तिला.

मग ती सकाळ आली. भावजयीचं डोकं ठणकत होतं, म्हणून बाळाला खाली आणायला ताई वर गेली. बाळ गपगार पडलेलं. वरच्या खणातली धुतलेली फडकी पाहिली तर चुरगळलेली, बोळा झालेली. "टाके गेले म्हणून काय इस्त्रीही सोडायची?" असं पुटपुटत तिने सगळा गठ्ठा उचलला आणि बाळासकट खाली आणला. त्याला टेबलाच्या टोकाला टोपलीत निजवलं, इस्त्री तापवली आणि पहिलं फडकं पसरलं.

इस्त्री फिरली आणि वास आला. आंबूस, करपट.

तिने इस्त्री उचलली. पांढऱ्या फडक्यावर पिवळं वर्तुळ उमटलं होतं. असल्या वर्तुळाबद्दल तिने आयुष्यभर गिऱ्हाइकांना बोल लावले होते. दुधाचं कापड गरम पाण्यात धुतलं की दूध धाग्यातच शिजतं. डोळ्यांना दिसत नाही, पण इस्त्रीची धग लागली की वर येतं. हे फडकं तिने धुतलेलं नव्हतं. तिने दुसरं घेतलं. वर्तुळ. तिसरं. वर्तुळ. चौथ्याला अंघोळीच्या साबणाचा घमघमाट होता, पण धग लागल्यावर त्या घमघमाटाखालून तोच आंबूस वास निघाला. पुढचंही तसंच. गठ्ठा संपेना.

गरम पाणी कोण वापरतं ते तिला ठाऊक होतं. चहाच्या किटलीतलं पाणी ओतून मोजे धुणारा तिचा भाऊ. आणि वासाचा साबण भावजयीचा.

टोपलीतल्या पोराकडे बघायची तिला हिंमत होईना. मग एकदम ती अशी किंचाळली, की समोरच्या दुकानातला चांभार हातोडी टाकून बाहेर आला.

भाऊ बस काढायच्या बेतात होता. किल्ली हातात घेऊनच धावत आला. मागे भावजय, अनवाणी.

"ताई, जळतंय!" तो ओरडला.

इस्त्री फडक्यावर तशीच टेकली होती. धूर निघत होता. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एक कापड जळालं नव्हतं. त्याने इस्त्री उचलून उभी केली. ताईने जळकं फडकं त्याच्या तोंडासमोर धरलं.

"हे तू धुतलंस?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून," तो म्हणाला. "संध्याकाळचंच फक्त. मला वाटलं, हिच्याकडे तर राहतंय. हिला कळलं तर पुन्हा घासाघासाला अपराधी वाटून घेईल म्हणून..."

"आणि हे तुझं?" ताईने साबणाच्या वासाचं फडकं उचललं.

भावजय भिंतीला टेकली. "लस टोचली त्या आठवड्यापासून. मला वाटलं लसीमुळे. मग थांबेना. पण हे म्हणायचे, माझ्याकडे छान पितो. मला वाटलं, माझंच काही चुकतंय पाजताना." आणि मग तिने कधी नव्हे ते नणंदेला उलट विचारलं. "ताई, आणि तुम्ही? दुपारचं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. तिची फडकी तर शुभ्र होती, त्यांच्यावर कुठली इस्त्री काही काढू शकली नसती. तिने वाकून घोंगडी वर केली आणि पायाने बादली बाहेर ओढली. कालचं पाणी अजून दुधाळ होतं.

तिघांच्या तीन पाळ्या, आणि जो तो समजत होता की आपल्याच पाळीला उलटतंय, बाकी दोघांकडचं तरी अंगी लागतंय. अंगी काहीच लागत नव्हतं. टोपलीत पोर आवाज न करता बघत होतं. डोक्यावरची मऊ जागा, टाळू, खोल गेली होती. ताईने लंगोट चाचपला. कालपासून तो कोरडाच होता.

"चल," ती म्हणाली. "बस काढ."

शाळेच्या रिकाम्या बसमधून ते गेले. मागे कुणा मुलाची विसरलेली बाटली प्रत्येक वळणाला या बाकाखालून त्या बाकाखाली गडगडत होती. ताईने बाळाला छातीशी धरलं होतं आणि त्याच्या नाकासमोर बोट ठेवलं होतं, श्वास लागतोय का बघायला. सिग्नलला बस थांबली की तिला वाटे, आता गेलं. "चालव रे," ती म्हणे, "चालव," आणि लाल दिवा काही तिच्या बापाचा नोकर नव्हता.

इस्पितळात नर्सने पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन खाली बसली नाही. तिथून पुढे धावपळ झाली. रक्त घेतलं, सलाईन लावलं, नाकातून बारीक नळी घालून पोट रिकामं केलं. सर्जनबाई आल्या.

"आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा," भाऊ हात जोडून म्हणाला.

"आत्ता नाही करता येणार. ओकून ओकून याच्या अंगातले क्षार पार ढळलेत. अशात भूल दिली तर भुलीतून बाहेर येताना श्वासच घ्यायचा नाही. आधी रक्त ताळ्यावर येऊ दे."

म्हणजे बसून राहायचं. ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि आता ते होत नाही याची त्याहून जास्त. भुकेल्या पोराला पाजायचंही नाही. भावजयीची छाती दुधाने दुखत होती आणि पोर रिकामंच तोंड हलवत होतं. ताई कॉटच्या दांड्याला धरून उभी होती. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला औषध मिसळलेलं पाणी पाजून एक्स-रे काढले. बाईंनी काचेवर धरून दाखवलं: भरलेलं जठर, आणि पुढे दोऱ्याएवढी रेघ. "एवढीच वाट आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिघांना एका छोट्या खोलीत बसवलं.

"मला एक खरं उत्तर हवंय. पहिल्या ऑपरेशननंतर मधे चांगले दिवस गेले का? एकदाही न ओकता? गेले असतील, तर माझी चीर तेव्हा पुरली होती आणि ती जागा नंतर पुन्हा जुळून आली. मग तिथे हात न लावता मी दुसऱ्या बाजूने नवी चीर देईन. आणि एकही दिवस धड गेला नसेल, तर चीरच कमी पडली, तीच वाढवायला हवी. आत गेल्यावर दिसेलच मला. पण आत जाताना कुठे जायचंय ते ठाऊक असलं, तर याच्या पोटात माझा हात कमी वेळ राहील. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, कधीतरी, नावालाच. आता एकेकाने सांगा. आणि एकमेकांकडे बघायचं नाही."

भावाने सांगितलं, शाळा सुरू झाली तेव्हापासून. भावजयीने सांगितलं, लस टोचली त्या आठवड्यापासून. बाईंनी ताईकडे पाहिलं.

ताई भिंतीकडे बघत होती. सगळ्यात आधी तीच होती, हे तिला बसमध्येच कळून चुकलं होतं. आधी तिची दुपार, मग भावजयीची लस, मग शाळा. त्या पहिल्या दुपारी ती नुसती जिन्यावर जाऊन ओरडली असती, तरी पोराचं हे हाडांचं बोचकं झालं नसतं.

"लसीच्या आधीपासून," ती म्हणाली. "एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. तो शर्ट मी धुऊन दिला त्याला. कुणाला बोलले नाही."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी नाही. एकदाही नाही. शपथ घेऊन सांगते."

"शपथ नको. विचार करून सांगा."

ताईने डोळे मिटले. घरी आल्यापासूनच्या सगळ्या दुपारी तिने आठवल्या, एकेक. कुठला कोट टेबलावर होता, बाळ कुठल्या कुशीवर होतं, बादलीत काय भिजत होतं. बाई थांबल्या.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा बादल्यांत फक्त लोकांचे कपडे होते."

बाईंनी भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. दोघांनी मान हलवली. बाई उठल्या. "ठीक. दुसऱ्या बाजूने."

रक्त ताळ्यावर आलं आणि बाळाला आत नेलं. या वेळी भाऊ बसकडे गेला नाही. दोघींच्या मधे बाकावर बसला आणि उघड्यावर रडला. त्याला रडताना बघायच्या भीतीने ताईने हे सगळं केलं होतं, आणि तो आता रडतच होता आणि मेला नव्हता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही दात वाजत होते. "थंडी आहे इथे," ती म्हणाली. भावजयीने आपली शाल तिच्या अंगावर टाकली, आणि ताईने ती टाकू दिली.

दार उघडलं तेव्हा तिघांनाही उठता येईना. बाईंनी टोपी काढली.

"जुनी चीर जुळून आली होती. पलीकडून नवी दिली आहे. अस्तर शाबूत आहे."

"पुन्हा होईल का?" भावजयीने विचारलं.

"या वेळी मी क्वचितसुद्धा म्हणणार नाही. सुरुवातीला थोडं ओकेल, त्याला घाबरू नका. घाबरलात तरी चालेल. लपवू नका."

पहिलं दूध पाजायचा मान आईचा. चमचाभर, मग थोडं थांबून आणखी चमचाभर. मग बाळाला ताईच्या खांद्यावर दिलं. ढेकर आली, आणि मागून गरम दुधाची एक चूळ तिच्या मानेवर आली. पिचकारी नव्हती, नुसती चूळ. पण ताईचा हात सवयीने फडक्याची घडी घालू लागला, डाग आत, पांढरी बाजू बाहेर.

अर्ध्या घडीवर तिचा हात थांबला.

"ओकला!" ती ओरडली. वॉर्डातली सगळी माणसं वळली. "ओकला हो! हे बघा!" आणि ते ओलं फडकं तिने दोन्ही हातांत ताणून असं उंच धरलं, की नर्स पळत आली, भाऊ दारातून पळत आला. नर्सने पाहिलं, वास घेतला, लिहून घेतलं. "एवढं चालायचंच," ती म्हणाली. "पण सांगितलंत ते बरं केलंत. ओरडला नसतात तरी ऐकू आलं असतं."

घरी आल्यावर ताईने दुकानात टेबलाच्या वर आडवी दोरी बांधली. पाळी कुणाचीही असो, जे फडकं खराब होईल ते न धुता त्या दोरीवर टांगायचं, आणि तिघांनी बघितल्यावरच ते बादलीत जाणार. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. "लाँड्री आहे की गोठा?" असं एकाने विचारलं. "तुमचे कपडे घेऊन जा की," ताई म्हणाली. तो गेला नाही.

दोरीवर आधी बरीच फडकी असत. मग कमी झाली. मग एका संध्याकाळी भाऊ बसवरून आला आणि दोरीवर काहीच नव्हतं.

तो दारातच थबकला. ताई इस्त्री करत होती. टेबलाच्या टोकाला टोपलीत पोर झोपलं होतं. भावाने वाकून टेबलाखाली पाहिलं. घोंगडी वर केली, एकेक बादली बाहेर ओढून पाण्यात हात घालून पाहिला. वर गेला, खण उघडल्याचा आवाज आला. भावजयीला काहीतरी विचारल्याचा आवाज आला. खाली आला. ताईच्या पिशवीपाशी घुटमळला आणि ओशाळून तिच्याकडे बघत राहिला.

"बघ की," ताई म्हणाली. "पिशवी बघ. खिसेही बघ माझे."

त्याने खरंच पाहिले. पिशवी पालथी केली, तिच्या झग्याचे दोन्ही खिसे उलटे केले. आयुष्यात कुणी तिच्यावर असा अविश्वास दाखवला असता तर तिने त्याला इस्त्रीखाली घेतलं असतं. आता ती हात वर करून उभी राहिली, नीट बघता यावं म्हणून. खिशात बटणं निघाली आणि खडूचा तुकडा.

"काहीच नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

"काहीच नाही," ताई म्हणाली. तिचाही.

भावजय जिन्यात येऊन उभी होती. टोपलीत चुळबुळ झाली. भाऊ वाकला, त्याने एक बोट बाळाच्या गालावर ठेवलं आणि अलगद दाबलं.

"काय रे," तो घाबरत घाबरत म्हणाला, "भोपळ्या?"